गुणी नातू

मुलांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर आजी आणि सून बसल्या होत्या. दोन वर्षांचा नातू फरशीवर ठोकळे रचत होता. नर्स फॉर्म भरत होती.

“बोलतो का?”

“बोलेल की! याचा बापसुद्धा उशिराच बोलला.”

“आई, मी सहा महिने सांगतेय...”

“तू थांब गं. सिस्टर, इतकं गुणी पोर! उशाशी मिक्सर लावा, हा आपला ढाराढूर. हाका मारा, खेळातून मान वर करणार नाही. अगदी साधू!”

“आजी, त्याच्या मागे उभ्या राहून टाळी वाजवता?”

“ही घ्या. बघा, ढिम्म हलला नाही! आहे की नाही गुणी?”

“आता जोरात.”

“ही घ्या.”

“अजून एकदा.”

“सूनबाई, तू वाजव गं. माझ्या हातांत हल्ली जोर राहिला नाही.”