जरासं ताठ

ब्रेकनच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर ह्यू आणि त्याच्या बहिणीचा नवरा बसले होते.

"काय ह्यू, झालं का धनुष्य?"

"झालं होतं, दाजी. वाकवून पाहिलं तर वरची बाजू ताठ वाटली. जराशी तासली."

"बरं."

"मग खालची ताठ वाटायला लागली. तीही तासली."

"मग परत वरची?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पुढे बोल."

"सोमवारी ते माझ्या ताकदीचं होतं. बुधवारी बायकोच्या ताकदीचं झालं. काल नातीच्या."

"म्हणजे उद्याच्या स्पर्धेत नात उतरणार?"

"नाही हो. आज सकाळी आणखी थोडं तासलं."

"अरे देवा! आता कुठाय ते?"

"हे काय, हातात. ताईच्या टोमॅटोला टेकू द्यायला तुमच्याकडेच आणतोय."

"टेकू मात्र झकास झालाय."

"झालाय. पण दाजी, हे टोक जरा ताठ नाही वाटत?"