साठ घरांत गेलेले पत्र

सुज्ञ वाचकहो, एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर सर्व्हरची खोली आहे. ती सांभाळणाऱ्या गृहस्थास सारे कर्मचारी 'वायर' म्हणतात. ज्या सोमवारी साठ नवे डॉक्टर कामावर रुजू झाले, त्याच दुपारी हे गृहस्थ आणि त्या साठांतच असलेली त्यांची कन्या यांच्यात जे बोलणे झाले, ते त्यांच्याच तोंडून ऐकून मी आपणांपुढे नम्रपणे मांडीत आहे. माझ्या पदरचे काही घातलेले नाही.

मुलगी : म्हणजे साठही जणांना गेलं?

वडील : साठही जणांना. तू त्यांच्यातच आलीस.

मुलगी : पण कसं, बाबा? पत्र तर डीनसाहेबांना होतं.

वडील : सांगतो. त्या खोक्यावर बस, खुर्चीचा पाय मोडलाय. हे बघ, नवा माणूस आला की सर्व्हरवर त्याचं खातं उघडायचं आणि त्याला एक घर द्यायचं. घर म्हणजे त्याचं स्वतःचं फोल्डर. ते अगदीच रिकामं देऊ नये म्हणून मी एक नमुन्याचं घर करून ठेवलंय. त्यात रजेचा अर्ज, ड्यूटीचा तक्ता, नियमांचं पत्रक. नमुन्यात जे असेल त्याची नक्कल आपोआप प्रत्येक नव्या घरात जाते.

मुलगी : आणि पत्र तुम्ही नमुन्यात ठेवलंत.

वडील : शनिवारी रजेचा अर्ज दुरुस्त करत होतो. लगोलग पत्र लिहायला घेतलं, ते तिथेच सेव्ह झालं. आज सकाळी एक कमांड दिली, साठ खाती उघडली, आणि मी हात झटकून चहाला गेलो. परत येतो तो माझी अब्रू घरोघर वाटून झाली होती.

मुलगी : "कन्या मला अभियंता व विभागप्रमुख समजते." हे खरं आहे?

वडील : वाचलंस तर तू.

मुलगी : मी विचारतेय, बाबा.

वडील : नववी नापास. कागदोपत्री वायरमन. हा सर्व्हर आला तेव्हा त्याच्या तारा ओढायला मला बोलावलं होतं. ज्याला तो चालवता यायचा, तो वर्षभरात सोडून गेला. त्याच्या मागे उभा राहून मी शिकलो होतो, म्हणून मी राहिलो. विभाग म्हणशील तर ही खोली, आणि प्रमुख म्हणशील तर दुसरा कुणी नाहीच.

मुलगी : माझ्या प्रवेशाच्या अर्जावर तुम्ही 'अभियंता' लिहिलंत. माझ्यासमोर.

वडील : तू समोर होतीस म्हणूनच लिहिलं.

मुलगी : आणि ही ओळ? "कन्येसमक्ष मला 'ए वायर' अशी हाक मारू नये, निदान पहिला आठवडा." आठवडाच का?

वडील : जास्त मागायला जीभ रेटेना.

मुलगी : अजून आहे का ते सगळ्यांच्या घरांत?

वडील : एकोणसाठ घरांतून मी ते पुसून टाकलंय. सगळ्या किल्ल्या माझ्याकडेच असतात. तुझ्या घरात तेवढं पाऊल टाकवेना. तुला न विचारता पुसलं असतं, तर लबाडीवर लबाडी झाली असती. तू म्हण, आत्ता पुसतो.

मुलगी : पुसून काय होणार? डॉक्टरांच्या खोलीत एकाने उभं राहून मोठ्याने वाचलं. हातवारे करून.

वडील : हसले असतील.

मुलगी : पोट धरून.

वडील : हसू देत. तुझं नाव मी मुद्दाम घातलं नव्हतं. माझी सहीसुद्धा करायची राहिली होती. कुणाची मुलगी ते कळायचं नाही कुणाला. तू निर्धास्त राहा.

मुलगी : बाबा, मीही हसले.

(वडील सर्व्हरची एक तार पुन्हा घट्ट बसवतात.)

मुलगी : ऐकलंत का?

वडील : ऐकलं. या पंख्यांच्या घरघरीतही मला सगळं ऐकू येतं. सवय आहे.

मुलगी : नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण वाटलं, गप्प बसले तर ओळखतील. म्हणून हसले. दुसऱ्या परिच्छेदाला तर सगळ्यांच्या आधी.

वडील : आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खोटं बोलायची सुरुवात माझी. मी कुठल्या तोंडाने तुला बोलू?

मुलगी : चिडा ना माझ्यावर. दोन शब्द बोला.

वडील : नववी नापास माणसाने डॉक्टरवर चिडू नये.

मुलगी : असं नका बोलू, बाबा.

(दारावर थाप पडते. एक नवा डॉक्टर आत डोकावतो.)

डॉक्टर : कुठे आहेत आमचे वायरराव? अरे, मॅडम, तुम्हीही इथे? तुमचंही खातं अडकलं वाटतं! यांची पत्रं बिनचूक पोचतात, पासवर्ड मात्र चालत नाही.

वडील : तीनदा चुकीचा टाकलात, साहेब, म्हणून खातं बंद पडलं. हं, उघडलं. आता सावकाश टाका.

डॉक्टर : आणि कन्यारत्न कुठल्या विभागात, ते सांगा की! ओळख तरी करून द्या. मॅडम, तुम्हाला सांगितलं का यांनी?

मुलगी : मी...

वडील : मॅडमना ड्यूटीचा तक्ता उघडत नव्हता, साहेब. झालं त्यांचं.

डॉक्टर : बरं, राहू द्या गुपित. निदान पहिला आठवडा! येतो.

मुलगी : तुम्ही मला बोलू का दिलं नाहीत?

वडील : दिलं होतं, बाळा. तू वेळ लावलास.

मुलगी : किती?

वडील : फार नाही. तो माझ्याकडे बघून पुन्हा तुझ्याकडे बघेपर्यंत.

मुलगी : मी त्याला परत बोलावते.

वडील : नको. तो आता जिन्यात पोचला असेल. या वेळी जिन्यात सगळे असतात.

मुलगी : म्हणून तर. उठा, बाबा.

येथे मी लेखणी ठेवतो. पुढचे त्या दोघांचे आहे, ते मी विचारले नाही. आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
औषधभांडाराचा कारकून