आत्याचं सरबत

बाबा : ताई, तू त्यांना नक्की काय सांगितलंस?

आत्या : काय सांगणार दामू? तू बाहेर गेलेला, दारात सरकारी जीप. साहेब विचारतात, इथं वाइन बनते ना? मी म्हटलं, नाही हो अण्णा, चांगल्या माणसांचं घर आहे हे. मागच्या शेडमध्ये माझा भाऊ द्राक्षांचं सरबत करतो.

शलाका : सरबत. लाकडी पिंपात वर्षभर मुरलेलं.

आत्या : शलाका, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस. उगाच संशय नको म्हणून मी त्यांना ग्लासभर कोकम सरबतही दिलं. लालच असतं की तेही.

बाबा : आणि ते प्यायले?

आत्या : दोनदा मागून घेतलं. चेन्नागिदे, छान आहे म्हणाले.

बाबा : अगं, ते अबकारीचे साहेब होते. छोट्या वायनरींना करात सूट मिळते, त्यासाठी मीच अर्ज करून बोलावलं होतं त्यांना. इथं खरंच वाइन बनते आणि थोडीच बनते, एवढंच बघायचं होतं.

शलाका : आत्यानं थोडीचं शून्य करून दिलं. इतकी छोटी वायनरी अख्ख्या बेंगळुरूत नसेल.

आत्या : मला काय ठाऊक? अबकारीवाले धाड घालायला येतात, पाठ थोपटायला येतात असं कधी ऐकलंय का कुणी?

बाबा : सूट नाही मिळाली तर बड्या कारखान्यांइतकाच कर भरायचा. तो मला झेपणार नाही. शेडला कुलूप लावून परत व्हाइटफील्डची जुनी नोकरी. तिथल्या उल्हासनं माझी जागा ठेवलीय अजून.

शलाका : मी नाही पाठवणार. तेव्हा बाबा घरी यायचे ते फक्त घोरायला. आता पिंपांशी का होईना, बोलतात तरी. कधीकधी माझ्याशीसुद्धा.

आत्या : मग कर ना फोन त्या साहेबांना.

बाबा : केला. म्हणाले, घरातल्या मोठ्या अक्का नाही म्हणाल्या, त्यांना मी खोटं कसं पाडू? त्यांनी स्वतः सांगितलं तर जीप वळवतो. येलहंका स्टेशनपाशीच आहेत अजून.

आत्या : मी? आत्ता? हॉलमध्ये आख्खं भजनी मंडळ बसलंय. कल्पना तर स्वयंपाकघराला पाठ लावून बसलीय, कान इकडेच.

शलाका : कल्पनाकाकूंना काय सांगितलंयस?

आत्या : सरबतच. गेल्या संक्रांतीला एक बाटलीही दिली होती.

शलाका : आणि?

आत्या : गाढ झोप लागली म्हणाली. अजून एक मागते सारखी.

बाबा : ताई, राहू दे. तुझी ह्यांच्यात उठबस आहे, मला कळतं. मी उल्हासला कळवतो.

आत्या : गप बस. दे इकडे तो फोन.

(आत्या फोन कानाला लावते. पलीकडे रस्त्यावरचे हॉर्न. ती कानडीत बोलते, त्याचं हे मराठी.)

आत्या : हलो, सर? मी मघाची, कोकमवाली. स्वल्प चूक झाली माझी. ते सरबत नाही. ... नाही नाही, कोकम कोकमच होतं. शेडमधलं म्हणते मी. वाइन आहे ती. ... ऐकू येत नाही? वाइन, सर, वाइन. माझ्या भावाची. दोड्डबळ्ळापूरच्या काळ्या द्राक्षांची, स्वतः निवडून आणतो तो. ... हो, थोडीच. सगळी त्या एका शेडमध्ये मावते. ... सरी, सरी, ठीक आहे. या.

बाबा : येतात?

आत्या : जीप वळवली म्हणाले. कोकम आहे का अजून, विचारत होते.

शलाका : आत्या, बाहेरचं भजन थांबलंय.

आत्या : थांबू दे. कल्पनाला तरी कळू दे कशानं झोप लागली ते.

बाबा : ताई, तू बस जरा. पाणी देऊ?

आत्या : पाणी नको. त्यातलीच दे घोटभर. इतकी वर्षं सरबत सरबत म्हणत आले, चव कुठे ठाऊक आहे मला.