साहेबाची घरची इंग्रजी

इंग्रजीचं इचारता व्हय? ऐका मग. मी सिकंदराबादच्या छावणीत गोऱ्या शिपायांचा खानसामा होतो. इंग्रजी त्यांचीच ऐकून उचललेली. बायको वारली तवा तलवाड्याला परत आलो. घरात बोलायला कुणी ऱ्हायलंच न्हाई.

एकदा गावाबाहेर एका गोऱ्या साहेबाचा तंबू पडला. त्याला गावची बोली समजून सांगायला माणूस पायजे होता, म्हणून मी गेलतो. साहेबानं इचारलं, "घरी कोण हाय?"

म्हणलं, "आय एन्ट गॉट नोबडी, सर." म्हंजे, माझं कुणीच न्हाई.

त्याचा हैदराबादचा मुन्शी खो खो हसला. "ये कौनसी अंग्रेजी है बे? चल, निकल!"

साहेबानं कागदात डोकं घातलं. पण सांजच्याला मुन्शी गावात गेल्यावर साहेबानं मला बोलावून घेतलं.

"सकाळचं परत बोल."

बोललो.

"माझी माय असंच बोलायची," साहेब म्हणला. "शाळेत मास्तरानं छड्या मारून माझं ते बोलणं मोडलं."

मंग मुन्शी न्हाई असं बघून साहेब मला चहाला बोलवायचा, अन् आमी दोघं पोटभर चुकीचं बोलायचो.

तंबू उठला त्या दिवशी साहेब घोड्यावरून माझ्यासमोरून गेला. नुसती मान हलवली. मुन्शी शेजारी होता.