बाजूची पात

माझं माहेर पोखर्णीकडचं. बाप सालगडी, आमी पाच भैनी, मी तिसरी. शाळा न्हाई बघितली, इळाच बघितला. सोळाव्या वर्सी ताडकळसला दिलं. काय सांगू तुला पोरी, आंगाची हळद निघायच्या आधी पहिली चपराक बसली, च्यात साखर कमी म्हनून. मंग रोजचंच. नवरा पराटीच्या काडीनं मारायचा, पट्ट्यानं मारायचा, एकदा डोकं उखळावर आपटलं, हे बघ, हितं आजून केस येत न्हाईत. सगळ्या बायका मार खातेत म्हनून मीबी खाल्ला.

सुनीता, माझी लेक, सात वर्साची व्हती. सोयाबीन काढायचे दिवस. पोरगी तापली व्हती म्हनून मी दुपारीच रानातून आले, तर घरात रडनं न्हाई का काई न्हाई. हा पिऊन लेकराच्या तोंडावर उशी दाबून बसलेला, वर गुडघा रोवून. म्हनला, गप करायलो तिला. पोरीचे पाय झाडायचे थांबत आलते. हातात इळा व्हताच, मारला. त्याची दोन बोटं तिथंच पडली, दुसरा वार खांद्यात. उशी सरकली आन् पोरीनं डोळे उघडले. तिनं काय बघितलं, बापाचं रगत आन् माझ्या हातातला इळा. आधीचं तिला काई ठावं न्हाई.

पोलिसाला तो म्हनला, हिचं दुसरीकडं हाय, म्हनून मारलं. मी गप. सात वर्साच्या लेकराम्होरं कसं म्हनू, तुझ्या बापानं तुला दाबलं? जेलातून आले तवर पोरगी चुलत्याची झालती. बाप दारूनं मेला, तरी ती माझ्याशी बोलली न्हाई.

सोयाबीन काढायला बायका रांगेत बसतेत, जिच्या वाट्याला पिकाचे जेवढे तास, जेवढ्या वळी, ती तिची पात. माझ्या बाजूची पात कुनी धरत न्हाई. मुकादमीन म्हनती, तू कडंला बस गं बोटंतोडे, आमाला बोटं लागतेत भाकरी थापायला. मंग सगळ्या हासतेत. हासू दे.

परवा ओट्यावर तू कॉलेजातली कादंबरी वाचलीस, त्यातल्या एकट्या बाईला समदे कैदाशीन म्हनतेत. मी इचारलं, ती काय म्हनती? तू पानं चाळलीस, म्हनलीस, मावशी, तिला बोलूच दिलं न्हाई.

मी बी तशीच मेले आसते. पन चुलत्यानं सुनीताला बोरीला दिली, तिथल्या तिच्या शेजारनीचा फोन आला. तोंडावर पदर, पांघरून काई आलं की पोरगी किंचाळती, वरबाडती. सासरचे म्हनले, आईवर गेली, बाहेरचं लागलं. देवरुषाकडं नेली. त्यानं लिंबाच्या फोकानं फोडली, मिरच्याची धुरी दिली, आन् धुरी जाऊ नये म्हनून वरून घोंगडं टाकून दोघांनी दाबून धरलं. घोंगडं, बघ. दातखिळी बसली लेकराची. आता आमुशाला परत न्यायलेत.

म्हनून सांगायले. समदं ल्ही, काई झाकू नको. तिला वाचून दाखव, तिच्या नवऱ्यालाबी बसव म्होरं. तिला म्हनावं, बाई, तुला बाहेरचं काई न्हाई. तोंड दाबल्यालं तू इसरलीस, तुझं आंग इसरलं न्हाई. मला आई न्हाई म्हनलीस तरी चालंल. पन तोंडावर कुनाला काई टाकू देऊ नको. जगून ऱ्हा.

आमुशा परवा हाय. परभणीवरून बोरीची गाडी मिळती. आजच जा, पोरी.