संगीताच्या ड्रेसचे फोटो

आता तुम्ही फॅशनचा विषय काढलाच, तर संगीताचं ऐका. माझी ही पुतणी नागपूरला ड्रेस डिझायनिंग शिकायची. परीक्षेत दाखवायला तिनं कोसा रेशमाचे ड्रेस शिवले, वर्गातल्या नाझनीनला घालायला दिले आणि वरोऱ्याच्या रशीदभाईंकडून फोटो काढून घेतले. रशीदभाईंचा हात लग्नाच्या स्थळांच्या फोटोंवर बसलेला. प्रत्येक फोटोत नाझनीनचा हसरा चेहराच आला. ड्रेस गळ्याखाली गायब.

संगीता रडकुंडीला आली. “भाई, ड्रेस कुठी आहे? मले कपड्यांचे मार्क भेटतात.”

“चेहऱ्यानंच कपडा खुलते,” नाझनीन म्हणाली.

“नाई. फॅशनच्या फोटोत कपडाच पाह्यजे.”

रशीदभाईंनी कॅमेऱ्यात दुसरा रोल भरला. या वेळी ड्रेस पार टाचेपर्यंत आले, नाझनीनचं डोकं मात्र कापलं गेलं.

“हेच पाह्यजे होतं,” संगीता खूश होऊन म्हणाली.

“मंग हँगरच आणायचं होतं ना,” नाझनीन म्हणाली. “मले काऊन आणलं?”