अजून तीच दुपार

काळ थांबवलेल्या तुरुंगाच्या भेटखिडकीशी रांग होती. आज नवऱ्याला माफी मागायला लावायचीच, असं ठरवून शिंपीणबाई आल्या होत्या. त्यांच्यापुढे एक म्हातारी शिपायाशी बोलत होती.

“आजी, जन्म गेला तुमचा इथे खेपा घालण्यात. आत मात्र पोराची अजून तीच दुपार चालू आहे.”

“ठाऊक आहे. म्हणून तर केस काळे करून, तीच साडी नेसून येते.”

“माफी माग म्हणावं त्याला. लगेच सोडतो.”

“तो विचारतो, आई, किती वेळ झाला? मी म्हणते, दूध गॅसवर ठेवून आलेय, अजून उतू गेलं नाही. तू वाकू नकोस.”

“फार हट्टी आहात.”

“मग तो कुणावर गेलाय?”

शिंपीणबाईंनी पुढे वाकून हळूच विचारलं, “मावशी, कलप कोणता लावता?”